पहिली अक्षत कुठे ठेवायची

लालबागच्या ज्या खोलीत मी कॉलेजची वर्षं काढली, त्या खोलीत मी शेवटपर्यंत पाहुणाच होतो. ती एका गावाची खोली होती. चिपळूणजवळच्या एका खेड्यातले, गिरणीत काम करणारे बाप्ये मिळून ती चालवत. भांडीकुंडी गावाची, भिंतीवरचा देवीचा फोटो गावचा, आणि ज्याचा त्या गावात उंबरा असेल त्याचा या खोलीत अंथरुणापुरता हक्क. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की दुसऱ्या पाळीचा माणूस त्याच जागेवर आडवा व्हायचा. जागा गार व्हायला वेळच मिळत नसे.

माझा त्या गावात उंबरा नव्हता. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, गोवळकोटच्या धक्क्यावर हमाली करत. खोलीचे कारभारी गावी जाता-येता त्या धक्क्यावर उतरायचे. तेवढ्या ओळखीवर अण्णांनी त्यांना विचारलं, "पोरगा मॅट्रिक झालाय, पुढं शिकायचं म्हणतोय." आणि कारभाऱ्यांनी, गावात कुणाला न विचारता, हो म्हटलं.

"पाहुणा आला रे, सरका," असं म्हणत मला खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेरच्या दिव्याचा उजेड तिथे येतो म्हणून ती जागा. परीक्षेच्या दिवसांत मी आतला दिवाही लावून बसायचो. उजेडात झोप येत नाही असं एकानेही कधी म्हटलं नाही. डोळ्यांवर टॉवेल टाकून ते झोपायचे. मी बी.ए. झालो तो त्यांच्या झोपेवर, असं मी आजही म्हणतो, आणि त्यात मोठेपणा दाखवायचा हेतू नसतो. ते खरंच तसं झालं.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. चाळीच्या जिन्याखाली एक फळा टांगलेला होता. माझं अक्षर बरं म्हणून सभा कुठे, मोर्चा कुठून निघणार, हे त्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून मला सगळे 'मास्तर' म्हणू लागले. संध्याकाळी चाळीच्या चौकात कलापथकाचा कार्यक्रम असला की गॅलऱ्या बायकांनी भरून जायच्या. डफावर थाप पडली की खोलीतले थकलेले बाप्येसुद्धा उठून बसायचे. मुंबई कोणाची, हा एकच प्रश्न त्या वर्षांत सगळीकडे होता. पानाच्या ठेल्यावर, नळावर, न्हाव्याकडे. उत्तरही एकच होतं. ज्यांनी घाम गाळला त्यांची.

मला तेव्हा वाटायचं, या प्रश्नाशी आपला संबंध फळ्यावर लिहिण्यापुरता. मग ताईच्या लग्नाची गोष्ट निघाली.

ताई माझी थोरली बहीण. चौथीनंतर तिची शाळा सुटली. सुटली म्हणणं बरोबर नाही, सोडवली. दोघांना शिकवणं अण्णांना जमणारं नव्हतं, आणि मी मुलगा होतो. ती काजूच्या बिया फोडायच्या कामाला जायची. काजूच्या तेलाने तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती, सालं निघायची. माझ्या पहिल्या पुस्तकांना तिने कागदाची कव्हरं घातली होती, त्यांवर त्या बोटांचे डाग होते. तिचं लग्न दोनदा जुळता जुळता मोडलं होतं, आणि दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर. तुमचं मूळ गाव कोणतं?

आम्हाला ते माहीत नव्हतं. चिपळुणात आमचं घर होतं, पण चिपळूण आमचं गाव नव्हे. माझे आजोबा लहान असताना प्लेगच्या साली मुंबईहून तिथे आले. आले म्हणजे कुणीतरी आणलं. परळच्या चाळीत शेजारी राहणारी चिपळूणची एक बाई प्लेगला घाबरून गावी पळाली, तिने या पोराला बरोबर आणलं. तिच्याच घरात ते वाढले, त्या घराचंच आडनाव त्यांना लागलं. आपल्या आधीच्या आयुष्याबद्दल आजोबा चार गोष्टी सांगायचे. परळ, एका गिरणीचं नाव, रिळाचं खातं आणि प्लेग. यापुढे विचारलं तर उठून बाहेर जायचे. मी सहा-सात वर्षांचा असताना ते गेले. बाकीचं आम्ही आमच्या मनानं भरून घेतलं होतं. आजोबांचे वडील कोकणातल्या कुठल्यातरी गावातून पडावात बसून मुंबईला आले असणार, गिरणीत लागले असणार, प्लेगमध्ये गेले असणार. घरात त्यांना 'मूळ पुरुष' म्हणत. भाद्रपदात त्यांच्या नावाने पान वाढत. नाव माहीत नव्हतं, म्हणून नुसतं "मूळ पुरुषाला" म्हणत.

आता जे स्थळ आलं होतं ते माझ्या मित्राचं. तो परळला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता आणि आमची ओळख चळवळीतली. फळा लिहिताना तो माझ्या खांद्यावरून वाचायचा आणि एकेक शुद्धलेखनाची चूक काढायचा, त्यातल्या निम्म्या चुकीच्या असत. उन्हाळ्यात तो माझ्याबरोबर चिपळूणला आला, चार दिवस राहिला, आणि परत येताना बोटीच्या कठड्याला टेकून म्हणाला, "मास्तर, एक विचारू? मारणार नाहीस ना?" मी मारलं नाही. मला इतका आनंद झाला की मी त्याच्याकडे बघूच शकलो नाही. ताईला त्याने एकदाच विचारलं होतं, तिची बोटं दुखतात का. ते मी ऐकलं होतं.

मित्राला वडील नव्हते. घरात आजी आणि चुलते. चुलते साच्यावर, म्हणजे मागावर काम करणारे, आवाजाने दणकट, मालवणकडच्या एका गावाच्या मंडळाचे पुढारी. चळवळीत ते सगळ्यात पुढे असायचे. घोषणा देऊन देऊन त्यांचा घसा कायमचा बसला होता. त्यांचा मुलीला विरोध नव्हता. ते मला समोर बसवून म्हणाले, "हे बघ, मास्तर. मुलगी चांगली आहे असं पोरगा सांगतो. पण लग्नाची पहिली अक्षत आपण कुठे ठेवतो? गावच्या देवाला. तुम्ही कुठे ठेवणार? तुमचं गावच ठाऊक नाही. उद्या आमचीच भावकी निघाली तर? भाऊ-बहिणीचं लग्न लावल्याचं पाप माझ्या डोक्यावर. गाव शोधून आण, देव सांग. मग बैठक घेऊ."

मला त्यांचं म्हणणं चुकीचं वाटलं नाही. मीही त्याच जगात वाढलो होतो. मला वाटलं, मी बी.ए. झालोय, मुंबईत राहतोय, जिथून धागा तुटला तिथेच आहे. ताईने माझ्यासाठी शाळा सोडली, मी तिच्यासाठी एक गाव शोधू शकणार नाही?

मग माझे रविवार सुरू झाले. लालबाग, परळ, शिवडी, कुठल्या चाळीत कुठल्या गावची खोली आहे हे खोलीतले बाप्ये मला सांगायचे, आणि मी तिथे जाऊन दारात उभा राहायचो. "आमचे पणजोबा प्लेगच्या आधी अमुक गिरणीत होते. परळला राहत. तुमच्याकडे जुन्या कुणाला काही आठवतं का?"

लोक फार चांगले होते. प्रत्येक ठिकाणी चहा मिळाला. एका खोलीत एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "नाव काय म्हणालास पणज्याचं?"

"नाव माहीत नाही."

"गाव?"

"तेच शोधतोय."

"मग तू मला काय विचारतोयस ते तरी तुला माहीत आहे का रे?" आणि सगळी खोली हसली. दुसऱ्या एका खोलीत तर माझ्याच तोंडाकडे बघून एकजण ठामपणे म्हणाला, "याचं नाक आमच्या वरच्या वाडीचं आहे." त्यावर दुसरा म्हणाला, "नाक बघून सोयरीक केलीस म्हणूनच तुझी बायको घोरते." मी हसत हसत बाहेर पडलो आणि जिन्यात माझे डोळे भरून आले. दिवाळी जवळ येत होती. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होणार होते.

शेवटी मी मित्राच्या चुलत्यांकडेच गेलो. म्हटलं, निदान जे आहे ते तरी स्वच्छ सांगावं. त्यांच्याकडे मंडळाची चार माणसं बसली होती, दुसऱ्या दिवशीच्या मोर्च्याचं ठरत होतं. आजी दाराशी सुपात तांदूळ निवडत होत्या. मी सांगितलं की खोल्या पालथ्या घातल्या, काही हाती लागलं नाही.

"खातं कुठलं होतं म्हणालास?" चुलत्यांनी विचारलं.

"रिळाचं खातं."

चुलते मांडीवर थाप मारून हसले. "अरे मास्तर! रिळाचं खातं म्हणजे बायकांचं खातं. सूत गुंडाळायचं काम. बाप्या माणूस तिथं कशाला जाईल? तुझा पणजा काय लुगडं नेसून जायचा कामाला?"

चौघेही हसले. मीही हसलो. आणि हसता हसता माझं हसू कुठेतरी अडकलं. मी इतकी वर्षं गिरणगावात राहत होतो. रिळाच्या खात्यातल्या बायका पाळी सुटल्यावर केसांना लागलेला कापूस झटकत येताना रोज बघत होतो. तरीही ते कधी माझ्या लक्षात आलं नाही. चिपळुणात बसून अण्णांच्या किंवा घरातल्या आणखी कुणाच्याच लक्षात येण्याचं कारण नव्हतं. गिरणी म्हटली की पुरुष. आम्ही पानसुद्धा पुरुषाच्या नावाने वाढत होतो.

आजोबांनी आम्हाला सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं.

मी उठलो, काहीतरी पुटपुटलो आणि बाहेर पडलो. गॅलरीत आलो तेव्हा मागून आजींनी हाक मारली. त्या सूप बाजूला ठेवून माझ्यामागून आल्या होत्या.

"हडे ये रे झिला. बस." त्या गॅलरीतच भिंतीला पाठ लावून बसल्या. "मीय रिळातच होतंय. तुका कोणी सांगूक नाय?"

मी मान हलवली. नाही.

त्यांच्या मालवणीतलं मला जसं आठवतं तसं सांगतो. त्या म्हणाल्या, "घोव मेल्यावर सासरी कोण पोसतलो? बाई उठली नि आगबोटीत बसली. तू त्या खोलयांनी काय इचारत फिरतंस? गावच्या खोलयेत बायल माणसाक जागा खंय? चार बायका मिळान एक खोली घेवच्यो. एक मालवणची, एक गुहागरची, एक घाटावरची. गाव कोणी इचारल्यान नाय, आमी सांगलंव नाय. सांगान काय करतलंव? परत कोणाक जावचा होता?"

"आणि मुलं?" मी विचारलं.

"पोराक अफूची गोळी चाटवायची नि टोपलेत निजवायचा. मशिनीच्या बाजूक." त्यांनी हाताने जमिनीपासूनची उंची दाखवली. "सगळीच तशी वाढली. जी वाढली ती."

मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुझी पणजी मी बघूक नाय. पण तशा बायका खूप बघलंय."

त्या संध्याकाळी मी खोलीवर आलो तेव्हा कारभाऱ्यांनी माझं तोंड बघितलं आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "हे त्यांच्यापुढं बोलू नको. एकटी बाई म्हटल्यावर लोक काय काय बोलतील. तिचा घोव कोण, पोर कुणाचं, इथपर्यंत जातील. त्यापेक्षा एक सांगतो. आमच्याच गावचे म्हणा. मी बैठकीला येतो, सांगतो की जुनी माणसं आहेत, आमच्या खालच्या वाडीतली. देव आमचा. अक्षत आमच्या देवीला ठेवा. कोण विचारायला जातंय?"

"पण ते खोटं..."

"इतकी वर्षं आमच्यात जेवलास, झोपलास. खोटं कसलं?"

त्यांचं मन किती मोठं होतं हे मला आज जास्त कळतं. एका हमालाच्या मुलाला ते आपलं गाव द्यायला निघाले होते, देवीसकट. मी रात्रभर विचार केला आणि मला ते पटलं. ताईचं लग्न होईल, कुणाचं नुकसान नाही. अण्णा आले की त्यांना हेच सांगायचं, असं मी ठरवलं.

अण्णा बोटीने आले. भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा त्यांच्या हातात फक्त एक पिशवी होती, आणि डोक्यावरची टोपी समुद्रवाऱ्याने वाकडी झाली होती. मुंबईत ते आयुष्यात पहिल्यांदा येत होते. लालबागपर्यंत चालत येताना मी त्यांना सगळं सांगितलं. आधी आजींचं, मग कारभाऱ्यांचं. मी काय ठरवलंय तेही सांगितलं. ते चालत राहिले. एका ठिकाणी उभे राहून मला म्हणाले, "म्हणजे माझी आजी कामाला जायची."

"हो."

"आणि बाबांना टोपलीत झोपवायची."

"असं त्या आजी म्हणाल्या. आपल्याच आजीबद्दल असं नाही, पण..."

"तशीच असणार," अण्णा म्हणाले. मग टोपी सरळ करून पुढे चालू लागले.

बैठक रविवारी सकाळी झाली. चुलते, मंडळाची दोन माणसं, मित्र भिंतीशी उभा, आजी त्यांच्या जागी सूप घेऊन. आमच्याकडून अण्णा, मी आणि कारभारी. कारभाऱ्यांनी धुतलेला सदरा घातला होता, आणि ते तयारीने आले होते. पोह्यांच्या बशा मांडल्या गेल्या. चुलते म्हणाले, "बोला. गाव मिळालं?"

कारभाऱ्यांनी घसा साफ केला. ते तोंड उघडणार इतक्यात अण्णांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"गाव मिळालं नाही," अण्णा म्हणाले. "मिळणार पण नाही. आमच्या घराचं मूळ एक बाई आहे. माझी आजी. ती एकटी मुंबईला आली, या परळच्या गिरणीत रिळाच्या खात्यात कामाला लागली, आणि प्लेगमध्ये मेली. नवरा होता का, कोण होता, मला माहीत नाही. माझ्या वडिलांना दुसऱ्या बाईने वाढवलं. आडनाव पण तिच्याच घरचं."

मित्राचं तोंड उतरलं होतं. मला अण्णांचा इतका राग कधी आला नव्हता. चार वाक्यांत त्यांनी ताईचं तिसरं स्थळही मोडलं, असं मला वाटलं.

"म्हणजे," चुलते सावकाश म्हणाले, "आडनाव उसनं. गाव नाही. जातसुद्धा उसनीच म्हणायची."

"उसनं दिलेलं माणूस परत मागतं," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे कुणी मागायला आलं नाही. आम्हाला ते दिलेलं आहे."

चुलते काही बोलणार, तेवढ्यात दाराशी सुपातले तांदूळ खळकन हलले.

"रोज मोर्च्यात जावन वरडतंस," आजी म्हणाल्या, त्यांच्याकडे न बघता, "मुंबय आमची म्हणान. घसो फुटलो तरी वरडतंस. आणि मुंबयचो माणूस दारात इलो, तर तेका गाव इचारतंस?"

"आये, तू मध्ये पडू नको."

"मी मध्ये पडूक नाय. मी हयच बसलंय." त्यांनी एक खडा वेचला आणि गॅलरीत टाकला. "तुझ्या बापाशीन माका खंय बघल्यान? त्याच रिळाच्या खात्याच्या दारात. माझो गाव तेणा इचारल्यान नाय. इचारल्यान असतो तर तू आज पुढारी होतलस?"

मंडळाच्या एका माणसाला हसू आवरेना, त्याने पोह्यांचा घास तोंडात कोंबला. चुलत्यांचा चेहरा आधी लाल झाला. मग ते बराच वेळ बशीतल्या पोह्यांकडे बघत बसले. रस्त्यावरून कुठलीशी प्रभातफेरी जात होती, तिच्या घोषणा खाली वाजत होत्या आणि दूर जात होत्या. रोज त्या घोषणा ऐकल्या की चुलते गॅलरीत धावायचे. त्या दिवशी उठले नाहीत.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. आवाज अजून कडकच होता. "आईचं गाव बापाने विचारलं नव्हतं, तर मीही आता भावकीचं विचारत नाही. पण एक सांगा. पहिली अक्षत कुठे ठेवणार? कुठेतरी ठेवावी लागते. त्याशिवाय मी मांडवात उभा राहणार नाही."

अण्णांनी जराही विचार केला नाही. "परळला," ते म्हणाले. "जिथं ती कामाला होती तिथं."

चुलत्यांनी मान हलवली. हो म्हणाले की काय म्हणाले ते कुणाला नीट कळलं नाही, पण आजींनी सूप बाजूला ठेवलं आणि सगळ्यांना गूळ वाटला.

खाली उतरल्यावर मी अण्णांना विचारलं, कारभाऱ्यांचं का ऐकलं नाही? त्यांनी आधी कारभाऱ्यांची माफी मागितली, हात जोडून. मग मला म्हणाले, "इतकी वर्षं तिच्या वाटचं पान दुसऱ्याच्या नावानं वाढलं. आता समजल्यावर पुन्हा दुसऱ्याचं नाव लावायचं?" कारभारी म्हणाले, "तुमच्या पोराला शिकवून काही उपयोग झाला नाही, शहाणपण सगळं तुमच्याकडेच राहिलं." आणि तिघेही हसलो.

अण्णा लग्नापर्यंत मुंबईतच राहिले, खोलीत, आणखी एक पाहुणा म्हणून. ताई आणि आई नंतर बोटीने येणार होत्या, लग्न परळच्या चाळीच्या चौकात करायचं ठरलं होतं. ठरलेल्या दिवशी दुपारी अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं, हळद लावलेल्या तांदळांची पुडी आणि एक नारळ घेतला, आणि आम्ही दोघे त्या गिरणीपाशी गेलो. आजोबांनी सांगितलेल्या नावाची गिरणी अजून चालू होती. आजूबाजूच्या जुन्या चाळी पडून नव्या झालेल्या होत्या. तेव्हाची खोली शोधायचा प्रश्नच नव्हता. भिंत मात्र जुनी वाटत होती. दगडांच्या सांध्यांत पिंपळाची रोपं उगवलेली होती.

आता ठेवायची कुठे, हे आम्हाला सुचेना. देऊळ असतं तर पायरी असते. इथे फाटक होतं आणि फाटकाशी पहारेकरी. अण्णा थोडा वेळ पुडी हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी भिंतीच्या पायथ्याशी एक बाहेर आलेला दगड बघितला, तो धोतराच्या सोग्याने पुसला, त्यावर नारळ ठेवला आणि पुडी सोडू लागले.

तेवढ्यात पाळी सुटली. फाटकातून माणसं लोटली. अण्णा भिंतीला चिकटून उभे राहिले, नारळाला पाय लागू नये म्हणून दोन्ही हात पसरून. त्यांना तसं बघून एक बाई थांबली. पन्नाशीची असेल, पदर कमरेला खोचलेला, केसांत कापसाचे पुंजके.

"काका, काय ठेवलंय? नवस?"

"नाही बाई. आमंत्रण आहे. पणतीच्या लग्नाचं, म्हणजे... माझ्या आजीला. माझ्या मुलीचं लग्न आहे."

"आजी इथं होती?"

"प्लेगच्या आधी. रिळाच्या खात्यात."

मग तिने मागे वळून हाक मारली, "अगो, थांबा गं!" आणि तिच्याबरोबरच्या तीन-चार जणी थांबल्या.

"आमी पण रिळातल्याच," ती म्हणाली. "इथं रस्त्यात ठेवून काय? कुत्री खातील. द्या हिकडं, आत नेऊन ठेवते. उद्या पाळी आहे माझी."

तिने पदर पुढे केला. अण्णांनी त्यात नारळ ठेवला आणि पुडीतली अक्षत दोन्ही हातांनी घातली. तिने पदराला गाठ मारली.

"लग्न कुठं आहे?" दुसरीने विचारलं. अण्णांनी चाळ सांगितली. तिसरी म्हणाली, "जवळच आहे की. आमंत्रण दिलंत म्हणजे यायला पाहिजे." आणि त्या हसत हसत गर्दीत मिसळल्या. आम्हाला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी चुलते मांडवात पहाटेपासून होते. दोऱ्या त्यांनी बांधल्या, पाट त्यांनी मांडले, आमच्याशी मोजकं बोलले आणि सगळं काम केलं. मुलीकडची बाजू रिकामी दिसत होती. खोलीतले बाप्ये होते, चिपळूणहून आलेली दोन-तीन माणसं होती, एवढंच. बायका तर आई सोडून जवळजवळ नव्हत्याच. ताईच्या मागे उभं राहायला कुणी नाही, हे आईच्या मनाला लागलं होतं, ती बोलली नव्हती तरी.

अंतरपाट धरायच्या थोडं आधी चौकाच्या तोंडाशी गलबला झाला. पाच जणी आत येत होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत गजरे, एकीच्या हातात ओटीचं ताट. मांडवाच्या दाराशी अत्तर लावायला उभा असलेला मुलगा गोंधळला आणि त्याने विचारलं, "तुम्ही कुणाकडच्या?"

त्या एकमेकींकडे बघू लागल्या. अण्णा बोहल्याजवळून उठले, लोकांतून वाट काढत दाराशी गेले आणि म्हणाले, "मुलीकडच्या. माझ्या आजीच्या माहेरच्या. पुढं घेऊन ये त्यांना."